पिंजऱ्यापलीकडची जीवदया
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



जीवदया म्हटली की पांजरपोळ आठवते, दाण्यांचा चबुतरा आठवतो, दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराचे पक्षी-रुग्णालय आठवते. या परंपरेचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु जो पक्षी आपल्या दारी कधीच येत नाही, त्याची दया कोणी करावयाची? आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातील एक लहान पक्षी. 1873 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. 1884 नंतर मात्र तो कोणाला दिसला नाही आणि जगाने तो नष्ट झाला असे मानले. पुढे 1997 च्या नोव्हेंबरात, तब्बल 113 वर्षांनी, अमेरिकी पक्षितज्ज्ञांना तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा आढळला. सातपुड्यातच उरला असावा असे वाटणारा हा पक्षी 2014 साली तानसा अभयारण्यातही दिसला. हे अभयारण्य ठाणे व आपल्या पालघर जिल्ह्यात पसरले आहे. म्हणजे जगात अन्यत्र कोठेही नसलेला हा भारतीय जीव आपला शेजारी आहे!

रानपिंगळा दिवसा शिकार करतो; सरडे, उंदीर, कीटक खातो. घरटे मात्र झाडाच्या ढोलीत करतो आणि ती ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही. ढोली जुन्या झाडालाच असते. असे झाड तोडले, तर शेजारी शंभर रोपे लावूनही त्याची पुढील अनेक वर्षे सोय होत नाही. उन्हाळ्यात वणवा लागला की पाचोळ्यासह जमिनीवरील भक्ष्यही जळते.

आपल्या आचार्यांनी याचा विचार फार पूर्वी केला आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडणे, वनकर्म म्हणजे वृक्षतोडीवर उपजीविका करणे आणि दवदान म्हणजे रानाला आग लावणे ही येतात. श्री हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात असतीपोषणाखाली धनासाठी पोपट-मैना पाळण्याचाही निषेध केला आहे. वनाचे रक्षण हा आपल्याला बाहेरून आलेला विचार नव्हे.

आता एक कटू गोष्ट नम्रपणे सांगतो. पर्युषणात पिंजऱ्यातील मुनिया, पोपट विकत घेऊन सोडण्याची चाल आमच्या घरीही होती. लहानपणी मी स्वतः पिंजऱ्याचे दार उघडले आहे आणि त्याचा आनंद आजही आठवतो. परंतु आपण पैसे मोजतो, म्हणूनच फासेपारधी पुन्हा जाळे लावतो. पकडताना व आणताना कित्येक पक्षी वाटेतच प्राण सोडतात. भारतीय वन्य पक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासून कायद्याने बंद आहे. ज्या दयेमुळे नवे पक्षी पकडले जातात, तिला अभयदान कसे म्हणावे?

म्हणून माझी तीन नम्र विनंत्या आहेत. पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊ नये. विक्री दिसल्यास वनखात्यास कळवावे. बोईसर-तारापूरच्या ज्या बंधूंच्या कारखान्यात बॉयलरला वा पॅकिंगला लाकूड लागते, त्यांनी ते कोणत्या रानातून येते हे विचारल्याशिवाय माल उतरवू नये. डोक्यावर मोळी आणणाऱ्या आदिवासी भगिनीस दोष देण्यापूर्वी आपल्या दारातील ट्रककडे पाहावे. आणि जीवदयेच्या निधीतील काही भाग जव्हार, मोखाडा, वाडा भागात वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढणाऱ्या गावकऱ्यांच्या मजुरीसाठी राखावा.

या दानाची पाटी कोठे लागणार नाही. ज्या जीवाला अभय मिळेल, तो आपल्याला बहुधा दिसणारही नाही. परंतु दान गुप्त असावे, हेही आपणच मानतो ना?

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!