चिनी शिकायला परदेशी जाताना



पालीचे पंडित प्रा. पु. वि. बापट यांनी १९३७ साली ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना करणारा ग्रंथ पुण्याहून प्रसिद्ध केला. संपूर्ण ‘विमुत्तिमग्ग’ उरला आहे तो चिनी अनुवादात. म्हणून पालीच्या अभ्यासकाला चिनी परकी नाही.

पण अक्षरओळखही नसलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठ निवडण्याआधी हेतू ठरवावा. बौद्ध ग्रंथ वाचायचे असतील तर जुनी, पूर्ण लिपी हवी. ती तैवानमध्ये चालते. तैपेईच्या राष्ट्रीय तैवान नॉर्मल विद्यापीठाचे भाषा केंद्र १९५६ पासूनचे आहे. ग्रंथांची प्राचीन चिनी मात्र त्यापुढचा वेगळा अभ्यास आहे. व्यापार, दुभाष्याचे काम करायचे असेल तर चीनमधील सोपी केलेली लिपी उपयोगी. बीजिंगचे भाषा व संस्कृती विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले.

मग पत्र लिहून विचारावे : वर्ग अगदी मुळापासून आहे काय? आठवड्याला तास किती? एका वर्गात विद्यार्थी किती? वसतिगृह मिळेल काय?

भाषेचे वर्ष म्हणजे पदवी नव्हे. आपली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. भाषेसाठी तैवानची ‘हुआयू’ किंवा चीन सरकारची शिष्यवृत्ती पाहावी. एजंटाच्या रंगीत पुस्तिकेवर विसंबून वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी मोडू नका. आधी घरीच तीन महिने स्वर आणि अक्षरे गिरवा. गोडी टिकली तरच अर्ज करा.

बाबासाहेबांनी परदेशी जाऊन विद्या आणली ती समाजासाठी. तोच हेतू ठेवा. जयभीम!