आम्ही कुठून येणार?
(मावळातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात एका कातकरी मावशींबरोबर सरकारी कार्यालयात गेले होते. मावशींना वय विचारलं तर म्हणतात, "पानशेत फुटलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते." म्हणजे १९६१. राहत्या जागेचा अर्ज होता. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "तुम्ही इथं कधी आलात?" मावशी म्हणाल्या, "आम्ही कुठून येणार? आलात तुम्ही."

साहेब हसले. अर्ज मात्र परत आला. पुरावा नाही म्हणून. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. मावळात कोण कधी आलं, कोणाला राहायला मिळालं आणि कोणाला उठावं लागलं, हे आज थोडं बोलू.

पर्यटकांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं की १८७१ साली एका इंग्रज गव्हर्नरांनी लोणावळा-खंडाळ्याचा "शोध लावला". तोवर घाटातून आगगाडी धावायला लागून आठ वर्षं झाली होती! आणि कार्ल्या-भाज्याची लेणी तर दोन हजार वर्षांची. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणारे यवन आहेत, भिक्षुणीही आहेत. परक्या माणसाचं येणं आपल्याला नवं नाही. तो येऊन काय करतो, हा प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियात इंग्रज गेले ते वस्ती करायला. ही जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती, असं तिथला कायदा धरून चालला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं १९९२ साली. इथं गोरे लोक तसे वसले नाहीत. बंगले बांधले, हवा खाल्ली, पेन्शन घेऊन घरी गेले. पण इथली माणसं त्यांनी हलवली. कोणाला आणलं, कोणाला उठवलं.

बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला पुरं झालं. मधे खंडाळा ते पुणे गाडी सुरू झालेली, खालून खोपोलीपर्यंत सुरू झालेली, आणि घाट तेवढा उतारूंनी पालखीतून नाहीतर तट्टावरून ओलांडायचा. १८६१ च्या जानेवारीत या एका घाटावर बेचाळीस हजारांवर मजूर होते. एवढी माणसं आली कुठून? दुष्काळी देशावरून, कोकणातून, आणखी लांबून. कुटुंबंच्या कुटुंबं आली. पुरुष सुरुंग लावायचे, बाया आणि पोरं पाट्या वाहायची. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. पटकीच्या साथी आल्या, माणसं पटापट मेली.

त्याच वर्षी नवा इंग्रज ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अॅलिसने, ठेका हातात घेतला, कामावर दोन माहितगार माणसं नेमली आणि घाट पुरा करून दिला. त्या कामाचे फोटोही तिने काढले. ही गोष्ट मी शिबिरांत मोठ्या अभिमानानं सांगायची. बघा, दीडशे वर्षांपूर्वी एका विधवेनं बोगदे खोदून घेतले! एकदा एका बाईनं मधेच विचारलं, "आणि ताई, पाट्या टाकणाऱ्या बायांची नावं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कुठेच लिहून ठेवलेली नाहीत. अॅलिसची गोष्ट मी अजून सांगते, पण या प्रश्नासकट.

गाडी आली तसं लोणावळं वाढलं. रेल्वेचे गँगमन, फायरमन, गोवेकर, पारशी, बोहरी, गुजराती, मारवाडी आले. मजुरांना ताकद यावी म्हणून गुडदाणी विकायचे, तीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. आज त्यांच्याच लेकी-सुना आपल्या गटात आहेत. तेव्हा "बाहेरचे हटवा" ही घोषणा माझ्या तोंडून येणार नाही. पोटासाठी आलेल्या बाईशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते कागदाशी. १८९४ चा भूसंपादन कायदा इंग्रजांचा. त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळात टाटांची धरणं झाली. वळवण, लोणावळा, शिरोता. १९१५ ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मग शेजारच्या मुळशीची पाळी. तिथं १९२१ ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, बायाही त्यात उतरल्या. धरण व्हायचं ते झालंच. भात गेलं त्या घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत गेले, डबे पोचवू लागले. बाया मागे राहिल्या, उरलेल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरई पिकवत. राज्य आपलं आलं, कायदा तोच राहिला, थेट २०१३ पर्यंत. पवना धरण याच कायद्याखाली झालं. २०११ च्या ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ गोळीबार झाला. तिघे गेले, त्यात एक बाई होती.

नुकसानभरपाई सातबारावर ज्याचं नाव त्याला. बाईचं नाव असतं कुठे? सरकारनं दिलेलं घर-जमीन दोघांच्या नावे हवी, हे महाराष्ट्राच्या महिला धोरणात १९९४ ला आलं. तोवर किती गावं उठून गेली होती!

आता कातकऱ्यांचं पाहा. खैरापासून कात काढायचा, म्हणून कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानं जंगल सरकारचं झालं आणि कात काढणारा चोर ठरला. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. दिवाळी झाली की पोराबाळांसकट वाडी रिकामी होते, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परत येते. पाहणीला माणूस जातो जानेवारी-फेब्रुवारीत आणि लिहितो, "इथे कोणी राहत नाही." ज्यांचं दुसरं गावच नाही ते "स्थलांतरित", आणि शनिवार-रविवारपुरता उघडणाऱ्या बंगल्याचा मालक "रहिवासी".

मावशींची वाडी वनजमिनीवर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि हक्क मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. पुरावा म्हणजे फक्त छापील कागद नाही. जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचं ठिकाण, वडीलधाऱ्या माणसानं लिहून दिलेला जबाब, हे सगळं नियमांत पुरावा म्हणून लिहिलेलं आहे. परत आलेल्या अर्जाला यातलं काहीच जोडलेलं नव्हतं. ती चूक माझी. शिकलेली मी, मीच रेशनकार्डाच्या झेरॉक्सी शोधत बसले.

म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही वाडीवर बसलो. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी सांगत होती, मी लिहीत होते. कुठल्या आंब्याखाली कोणाला पुरलंय, कोणत्या सालच्या पावसात कोणती झोपडी वाहिली, कोणती पोर कुठं जन्मली. चार पानं झाली. शेवटी अंगठा घेताना तिनं मला थांबवलं. म्हणाली, "माझ्या आईचं नाव घातलंस का? ती पण हितंच मेली." नव्हतं घातलं. पान काढलं आणि नाव घातलं.

वाड्या अजून पुष्कळ आहेत आणि भट्टीचा हंगाम जवळ आलाय. लिहिता येतं अशा दहाजणी तरी मला हव्यात. मेळावा संपला की जेवणाच्या मांडवात नावं द्या.