हाती लगाम देणारी सेवा

(दिव्यांग-सेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



देवांचे वैद्य म्हणून आपल्या परंपरेने ज्यांना वंदन केले, त्या जुळ्या देवांचे नावच अश्वावरून आलेले आहे. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या उपकारांची जी स्मरणे आहेत, त्यांत विश्पलेची कथा येते. रात्रीच्या वेळी संग्रामात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला तत्काळ धातूची जंघा बसवली. ही जंघा तिला कशासाठी दिली? स्वस्थ बसून राहण्यासाठी दिली नाही. पुन्हा धावण्यासाठी, समोर मांडलेला पण जिंकण्यासाठी दिली. आजचे सारे वैद्यक प्राचीन काळी होते, असा दावा यावरून करण्याचे कारण नाही. मात्र ज्याचे अंग गेले त्याचे कर्तृत्व गेलेले नाही, ही दृष्टी त्या ऋषींजवळ होती, एवढे निश्चित म्हणता येते. आजच्या विषयाचे सूत्र हेच आहे. अश्वारोहणाच्या साहाय्याने दिव्यांग बालकांवर आणि जायबंदी सैनिकांवर होणारे उपचार हा तो विषय.

हेलसिंकीचे व्यासपीठ

या उपचारपद्धतीच्या आधुनिक इतिहासात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे नाव अग्रभागी आहे. 1944 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांना पोलिओने गाठले. त्या वेळी त्या गर्भवती होत्या. मूल सुखरूप जन्मले, पण गुडघ्याखालील पायांतील शक्ती कायमची गेली. घोड्याच्या पाठीवर चढण्यासाठी आणि उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. परंतु एकदा मांड बसली की आधार संपे आणि स्वार सुरू होई.

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपूर्वी ड्रेसाज या अश्वकौशल्याच्या स्पर्धेत केवळ लष्करी अधिकारीच उतरू शकत असत. स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळालेल्या त्या वर्षी हार्टेल यांनी ‘ज्युबिली’ या घोडीवर बसून पुरुषांच्या बरोबरीने रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेते स्वीडनचे हेन्री सां सीर यांनी त्यांना हात देऊन विजेत्यांच्या व्यासपीठावर चढवले. 1956 साली त्यांनी पुन्हा रौप्यपदक जिंकले. त्यांच्या उदाहरणाने युरोपातील भौतिकोपचारतज्ज्ञांचे लक्ष घोड्याकडे वेधले गेले. 1969 साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत दिव्यांगांच्या अश्वारोहणासाठी राष्ट्रीय पातळीवरील संस्था उभ्या राहिल्या, आणि 1996 पासून पॅरालिम्पिकमध्येही अश्वारोहणाला नियमित स्थान मिळाले.

चार पायांची चाल, दोन पायांचा धडा

घोडा नेमके काय करतो? संथ पावलांनी चालणाऱ्या घोड्याच्या पाठीची हालचाल तीन दिशांनी होते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळती. माणूस चालताना त्याच्या कमरेची हालचाल बरीचशी अशीच होते. जे बालक आयुष्यात कधी चाललेले नाही, त्याच्या कंबरेला आणि कण्याला चालण्याचा अनुभव घोडा आपल्या पाठीवरून देतो. प्रत्येक पावलागणिक तोल थोडा ढळतो आणि प्रत्येक पावलागणिक बालकाचे शरीर तो सावरते. मिनिटाला शंभरच्या आसपास पावले, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे तीन हजार वेळा हा अभ्यास घडतो. तेवढा व्यायाम कोणत्याही बालकाकडून खोलीत बसवून करवून घेणे अशक्यच.

मेंदूच्या पक्षाघाताने पाय ताठरलेल्या मुलांसाठी घोड्याची ऊबही उपकारक ठरते. घोड्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा थोडे अधिक, 38 अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. म्हणून पुष्कळदा खोगीर न घालता केवळ मऊ गादी बांधतात. त्या उबेने आणि लयीने मांड्यांचे ताठर स्नायू हळूहळू सैल होतात.

मिरवणूक आणि उपचार

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. माथेरानच्या एखाद्या घोड्यावर मुलाला बसवून फेरी मारून आणणे म्हणजे उपचार नव्हे. उपचारासाठी घोडा निवडून घ्यावा लागतो. वयाने प्रौढ, स्वभावाने शांत, आवाजाला न बिचकणारा आणि समान चालीचा. एक जण घोडा धरून पुढे चालतो, दोन्ही बाजूंना दोन साहाय्यक चालतात, डोक्याला शिरस्त्राण असते आणि प्रशिक्षित तज्ज्ञाची दृष्टी स्वारावर असते. वैद्यकीय तपासणीवाचून कोणालाही घोड्यावर बसवू नये, हा पहिला नियम. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. त्यांना या स्वारीने अपाय होऊ शकतो. घोड्यालाही विश्रांती, चंदी आणि खरारा वेळेवर मिळाला पाहिजे. थकलेल्या मुक्या जिवाकडून करवून घेतलेल्या सेवेला सेवा म्हणता येणार नाही.

दाव्यांच्या बाबतीतही संयम हवा. घोड्याने पोलिओ जात नाही, तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांचा तोल सुधारल्याचे अनेक अभ्यास आहेत, पण त्यांतील बहुतेक लहान आहेत. आत्ममग्न मुलांविषयी अमेरिकेतील कोलोरॅडो येथील एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या एका गटाने दहा आठवडे अश्वारोहण केले. दुसऱ्या गटाला घोड्यांविषयीची सारी माहिती देण्यात आली, परंतु त्यांच्यासमोर खरा घोडा नव्हता, घोड्याएवढा भुसा भरलेला पुतळा होता. खऱ्या घोड्याच्या सहवासातील मुलांची चिडचीड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली. जिवंत प्राण्याचे काम पुतळा करू शकला नाही.

जखमी सैनिकाचा साथी

अमेरिकेत आर्लिंग्टन येथे राष्ट्रीय सैनिकी स्मशानभूमी आहे. तेथे वीरगती प्राप्त झालेल्या सैनिकांची शवपेटिका घोड्यांच्या गाड्यावरून नेण्याची परंपरा आहे. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत हातपाय गमावलेले तरुण जवळच्याच लष्करी रुग्णालयात उपचार घेत असताना, 2006 साली त्या पथकाच्या घोड्यांवर त्यांच्यासाठी अश्वारोहण सुरू झाले. काल ज्यांनी मृत सैनिकाला अखेरच्या यात्रेला नेले, तेच घोडे आज जिवंत सैनिकाला पुन्हा आयुष्याकडे नेऊ लागले. दोन्ही बाजूंनी चालणारे साहाय्यकही सैनिकच होते. कृत्रिम पायावर तोल सावरू न शकणारा जवान घोड्यावर तोल शिकला, आणि महिनोन्महिने इतरांच्या आज्ञा ऐकणाऱ्या त्या रुग्णाची आज्ञा पुन्हा कोणीतरी मानू लागले.

मनाच्या जखमांनाही याचा उपयोग दिसतो. घोडा हा मूळचा सावध प्राणी; माणसाच्या श्वासातील आणि देहातील ताण तो ओळखतो. त्याला शांत करावयाचे तर प्रथम स्वतः शांत व्हावे लागते. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी युद्धाघाताने मन पोळलेल्या 63 माजी सैनिकांना आठ आठवडे, स्वारी न करता, केवळ घोड्यांच्या सहवासात ठेवले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे निम्म्या जणांचा त्रास लक्षणीय प्रमाणात घटला होता. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा निष्कर्ष अंतिम नाही. दिशादर्शक मात्र आहे.

खडकीपासून सारंगखेड्यापर्यंत

हे सारे परदेशात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीला 1974 पासून पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्ग येथे भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून देते झाले. पाण्याने त्यांना जे दिले, ते घोडा दुसऱ्या कोणाला देऊ शकेल.

आणि घोडा काय आपल्याला परका आहे? घोड्याच्या पाठीवर भाकरी खाऊन अटकेपर्यंत मुलूख तुडवणाऱ्या शिलेदारांचा हा प्रदेश. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तरीही घोडा आपल्याला आठवतो तो वरातीपुरता नाही तर शर्यतीपुरता. शहरांतील पागा संपन्नांच्या मुलांसाठी, आणि 2011 च्या जनगणनेने नोंदवलेली 2 कोटी 68 लाख दिव्यांग बांधवांची संख्या कागदावर. ही दरी शासनाने एकट्याने बुजवावी, ही अपेक्षा ठेवून समाज मोकळा होऊ शकत नाही.

कार्यकर्त्याने काय करावे? आपल्या गावाजवळची पागा शोधावी. तिच्या चालकाला आठवड्यातील दोन तास मागावेत. भौतिकोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि निवृत्त घोडदळ सैनिक यांना एकत्र बसवावे. 2008 साली नागपुरात स्थापन झालेल्या ‘सक्षम’सारख्या संघटनेच्या माध्यमातून कुटुंबांशी संपर्क साधावा. दोन घोडे आणि चार मुले एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो, मात्र प्रशिक्षणाविना होऊ नये. तज्ज्ञावाचून जमवलेले साहित्य ही निव्वळ खोगीरभरतीच ठरेल.

चाकाच्या खुर्चीत बसलेले मूल प्रत्येकाकडे मान वर करून पाहते. घोड्यावर बसले की प्रथमच सारे त्याच्याकडे मान वर करून पाहतात. आई खाली उभी असते आणि मूल वरून तिच्याकडे बघून हसते. दया ही उंची देऊ शकत नाही. दयेचा हात नेहमी वरून खाली येतो. ज्याला चालता येत नाही त्याला उचलून नेणे हे पुण्यच आहे. परंतु त्याच्या हाती लगाम देऊन त्याच्या शेजारून पायी चालणे ही त्याहून मोठी सेवा आहे. समाजाला आज असे शेजारून चालणारे हवे आहेत.