जाण्याचे स्वातंत्र्य आणि राहण्याचा हक्क

घर सोडणे ही माणसाच्या आयुष्यातील लहान गोष्ट नव्हे. कोणी ते आपल्या विचाराने सोडतो, कोणाला ते सोडावयास भाग पाडले जाते. आणि कित्येकदा भाग पाडणाराच वर म्हणतो, 'तो आपखुशीने गेला.' या तिसऱ्या प्रकाराची एक सत्य हकीगत मी आज आपणांपुढे मांडणार आहे. ती जपानमधील कोरियन लोकांची आहे. त्यांच्या भवितव्याचा करार आपल्याच देशात, कलकत्ता शहरी झाला. म्हणूनही ती आपणांस ठाऊक असली पाहिजे.

१९१० साली जपानने कोरिया आपल्या राज्यास जोडला. त्यानंतर कोणी पोटासाठी, तर कोणी युद्धकाळात सक्तीच्या मजुरीसाठी, असे लक्षावधी कोरियन जपानात आले. १९४५ च्या पराभवानंतर बहुतेक परतले, सुमारे ६ लाख मागे राहिले. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि जपान सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्यांना काल सम्राटाचे प्रजाजन म्हणून खाणीत राबविले, ते आज परके ठरले! सरकारी नोकरीची दारे बंद झाली. १९५६ पासून हजारो गरीब कोरियनांचे निर्वाह-साहाय्य तोडण्यात किंवा कमी करण्यात आले. १९५९ च्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन कायद्यातही त्यांना स्थान मिळाले नाही.

अशा माणसांना १९५८ साली उत्तर कोरियाने हाक दिली : 'या, येथे घर मिळेल, काम मिळेल, मुलांना शिक्षण मिळेल.' १३ फेब्रुवारी १९५९ रोजी किशी यांच्या मंत्रिमंडळाने त्यांना उत्तरेस जाऊ देण्याचा ठराव केला.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी या ठरावाविरुद्ध आकाशपाताळ एक केले. जपानशी चाललेली बोलणी त्यांच्या सरकारने तोडली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने या कामास हात लावू नये, म्हणून जिनीव्हास प्रतिनिधी धाडले. अमेरिकेने जपानला आवरावे, असा आग्रह धरला. जूनमध्ये जपानशी व्यापार थांबविला. त्यांचे म्हणणे असे की, हे लोक आमचे नागरिक आहेत, जवळजवळ सर्वांची मूळ गावे दक्षिणेत आहेत, त्यांना शत्रूच्या हाती देण्याचा जपानला अधिकार नाही.

हे म्हणणे पोकळ नव्हते. तरी ते हरले. का हरले, याचा विचार आपण केला पाहिजे.

'उत्तरेस पाठवू नका' असे सांगणाऱ्या सरकारने 'आमच्याकडे या' असे म्हणताना मात्र अट घातली. जपानने आधी नुकसानभरपाई द्यावी, मग पाहू. ती मागणी न्याय्य होती, परंतु उपाशी कुटुंबाची चूल तिच्यावर पेटत नव्हती. 'त्यांना जपानातच सन्मानाने राहण्याचे हक्क द्या' ही मागणी तर या साऱ्या वादात मागेच पडली. सहा लाख माणसे कोणाच्या मालकीची, एवढाच तंटा राजधान्यांतून चालला होता.

उलट जपानने मानवतेची भाषा उचलली. प्रत्येकास आपल्या देशी परतण्याचा हक्क आहे, असे मानवी हक्कांचा जाहीरनामा सांगतो. त्याच शब्दांची ढाल पुढे करण्यात आली. पुढे जिनीव्हाचे दप्तर खुले झाल्यावर टेसा मॉरिस-सुझुकी या इतिहासकार विदुषीने २००७ साली दाखवून दिले की, या गरीब व नकोशा लोकांचा भार उतरविण्याचा हेतू जपानी अधिकाऱ्यांच्या मनात आधीपासूनच होता.

१३ ऑगस्ट १९५९ रोजी कलकत्त्यात जपान व उत्तर कोरिया यांच्या रेडक्रॉस संस्थांनी करारावर सह्या केल्या. डिसेंबरच्या आरंभी निईगाता बंदरात दक्षिण कोरियाने धाडलेल्या हस्तकांचा घातपाताचा कट उघडकीस आला. वकिली संपून अविचार सुरू झाला, त्याने न्याय्य बाजूही कलंकित झाली. १४ डिसेंबर रोजी त्याच बंदरातून दोन सोव्हिएत जहाजे ९७५ माणसांसह चोंगजिनकडे निघाली. 'स्वखुशीने जाता ना?' असे रेडक्रॉसच्या प्रतिनिधींसमोर विचारले जाई. कुटुंबे 'होय' म्हणत. पण ज्याला येथे राहण्याचा हक्क नाही आणि तेथले सत्य ठाऊक नाही, त्याच्या 'होय'ची किंमत किती?

१९८४ पर्यंत ९३,००० हून अधिक माणसे गेली. त्यांत सुमारे १,८०० जपानी पत्नी होत्या. तेथे अनेकांवर संशयाचा शिक्का बसला. जपानातील आप्तांना पैसे व कपडे मागणारी पत्रे येऊ लागली. परत फिरण्याची वाट बंद होती. जपानी पत्नींच्या पहिल्या तुकडीस माहेर पाहावयास मिळाले ते १९९७ साली! संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात या लोकांच्या दुर्दशेची नोंद घेतली आहे.

बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावे? कोणी आपणांस मोठी आशा दाखवून कागदावर सही मागेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. मी येथेच राहिलो तर माझे हक्क कोणते? मी गेलो तर तेथे काय आहे, हे पाहून आलेला कोणी आहे काय? आणि मन बदलले तर परतीची वाट उघडी आहे काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून दिलेला होकार खरा होकार नव्हे.

आणि कोणी आपली वकिली करावयास उभा राहिला, तर त्यालाही विचारा : 'तू आम्हांस नुसते अडवितोस, की आमच्या भाकरीची व मानाची सोयही पाहतोस?' निईगाताच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या कुटुंबांना हे विचारण्याची संधी कोणी दिली नाही. आपल्या मुलांना मात्र ते विचारावयास शिकवा.