‘संगणक, १ नग’

टेबलाखाली वाकून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात सीरियल नंबर वाचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने उद्याच्या तंत्रज्ञानाबद्दल बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एका वहीबद्दल बोलणार आहे. आपल्याकडची शाळा घ्या, सरकारी कार्यालय घ्या की सहकारी बँक, तिथल्या कपाटात डेडस्टॉक रजिस्टर असतेच. त्यात खुर्च्या, पंखे आणि पाण्याच्या पिंपाच्या रांगेत एक ओळ सापडते : ‘संगणक, १ नग’. लिहिणारा फार काटेकोर असला तर ‘सीपीयू १, मॉनिटर १, कीबोर्ड १’.

खुर्चीला ही नोंद पुरते. खुर्चीचा पाय काढून कोणी दुसऱ्या खुर्चीला लावत नाही. संगणकाच्या आत मात्र सगळेच सुटे असते. आठ-आठ जीबीच्या दोन रॅमपट्ट्यांपैकी एक निघून गेली तरी मशीन चालू होते, काम तेवढे रेंगाळते. डिस्क बदलली, बोर्ड बदलला, तरी टेबलावरची पेटी तीच. पडताळणीला आलेला माणूस बोट दाखवून मोजतो आणि नग भरतात.

मी या व्यवसायात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका संस्थेत आम्ही वार्षिक पडताळणी केली, वहीप्रमाणे सगळे नग मिळाले, सह्या झाल्या. काही दिवसांनी एक मशीन बंद पडले म्हणून स्टिकरवरचा नंबर सांगून वॉरंटीसाठी फोन केला. पलीकडून जे मॉडेल सांगितले गेले, ते आमच्या समोरचे नव्हतेच. शोध घेतला तेव्हा कळले, की आधीच्या एका दुरुस्तीच्या दिवशी दोन कॅबिनेट शेजारीशेजारी उघडली होती आणि झाकणे बसवताना अदलाबदल झाली होती. स्टिकर झाकणावर होते. कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटे लिहिले नव्हते. तरी दोन यंत्रांची ओळख पुसली गेली होती. तेव्हापासून मी सांगत आलो आहे, की टॅग लावायचा तो न निघणाऱ्या भागावर, चॅसिसवर. आणि कोकणपट्टीत, मुंबईच्या दमट हवेत कागदी स्टिकर वापरूच नये. दोन पावसाळ्यांत तो सुटून येतो.

या प्रसंगाने मला जे शिकवले, तेच आज मांडायचे आहे. आपण यादी करतो ती शिरगणतीसारखी, वर्षातून एकदा. यंत्र मात्र वर्षभर बदलत असते. आपल्या महसूल खात्याच्या पद्धतीत याचे उत्तर आहे. सातबारा हा उतारा आज जमीन कोणाकडे आहे ते सांगतो. पण त्याला वजन येते ते गाव नमुना सहामुळे, म्हणजे फेरफाराच्या नोंदीमुळे. काय बदलले, कोणत्या कारणाने बदलले, ती नोंद कोणी प्रमाणित केली, हे तिथे लिहिलेले असते आणि फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. आपल्या वर्कस्टेशनला सातबारा थोडाफार आहे. फेरफार नाही. रॅम वाढवली, डिस्क बदलली, मशीन लेखा विभागातून भांडारात गेले, कर्मचारी निवृत्त झाला आणि चार्ज दुसऱ्याकडे गेला, हे सगळे फेरफार आहेत. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या धांदलीत, किती कार्यालयांतून डेस्कटॉप टेम्पोत आणि रिक्षात घालून घरोघरी पोचवले गेले, ते आपण पाहिले आहे. ती घाई समजण्यासारखी होती. पण त्यातली काही यंत्रे अजून कागदोपत्री जुन्याच टेबलावर आहेत.

माझे तरुण सहकारी म्हणतील, की आता वही कशाला, सॉफ्टवेअर सगळे आपोआप वाचते. ते बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ज्यांनी ओसीएस इन्व्हेंटरी, जीएलपीआय किंवा स्नाइप-आयटी यांसारखी मुक्तस्रोत साधने अजून पाहिली नसतील त्यांनी ती जरूर पाहावीत. पहिली दोन बसवली की प्रोसेसर, रॅमचे स्लॉट, डिस्कचा सीरियल नंबर, बायॉसची आवृत्ती हे सारे हात न लावता गोळा होते. पण ही साधने यंत्राला विचारतात, आणि यंत्राला जेवढे ठाऊक असते तेवढेच ते सांगते. बाजारातून भाग आणून जोडलेल्या असेंबल्ड मशीनला सीरियल नंबर विचारा. पुष्कळदा उत्तर येते, ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ ही जागा उत्पादकाने भरायची होती, आणि ती कोणीच भरली नाही. अशी पन्नास यंत्रे असतील तर पन्नासांचे नाव एकच! ब्रँडेड मशीनचा बोर्ड वॉरंटीत बदलला आणि इंजिनीअर जुना नंबर नव्या बोर्डात लिहायला विसरला, तर तेही असेच निनावी होते. मॅक अ‍ॅड्रेसवर विसंबावे, तर यूएसबी अडॅप्टर लावलेल्या लॅपटॉपकडून अडॅप्टरचा पत्ता मिळू शकतो. अडॅप्टर शेजारच्या टेबलावर गेला की पत्ताही गेला. मॉनिटर आपला नंबर सांगू शकतो, पण तिथे कधी नुसते शून्यच भरलेले असते. आणि यंत्र कोणत्या मजल्यावर, कोणाच्या ताब्यात आहे, हे तर कोणतीही आज्ञा सांगू शकत नाही. शेवटचे लॉगिन कोणी केले ते कळते. चार्ज कोणाकडे आहे, ते कळत नाही. म्हणून मी म्हणतो, यंत्राने सांगितलेले आणि माणसाने पाहिलेले, दोन्ही शेजारीशेजारी लिहा. जिथे ते जुळत नाही तिथेच आपले काम सुरू होते.

एवढ्या नोंदींचा उपयोग काय, असे व्यवस्थापन विचारते. दोन प्रसंग सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा घटक हवा होता, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर मान्य यादीत नव्हते. ज्या कार्यालयाकडे या दोन गोष्टी यंत्रवार लिहिलेल्या होत्या, त्याला किती यंत्रांवर विंडोज ११ चढवता येईल आणि किती नवी घ्यावी लागतील हे सकाळच्या चहाआधी सांगता आले. बाकीच्यांना टेबलाटेबलाशी जावे लागले. त्यातही एक बारकावा होता. काही यंत्रांत टीपीएम होते, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेले. वरवर पाहणाऱ्याने ‘नाही’ लिहिले असेल, तर ती यंत्रे विनाकारण बाद ठरली असतील. म्हणून त्या रकान्यात ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘आहे पण बंद’ अशी तीन उत्तरे हवीत. एवढ्याशा रकान्यात मोठ्या खरेदीचा निर्णय दडलेला असतो.

दुसरा प्रसंग आपल्या नवी मुंबईच्या दारातला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढे दावोसमध्ये सांगितले, की त्यांना दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. त्या कंपनीत कोणते यंत्र कोणाचे, कोणाला कोणता अधिकार, ही नोंद जे डोमेन कंट्रोलर सांभाळत होते ते एकमेकांची प्रत ठेवत होते, आणि जवळजवळ सगळे एकत्रच पुसले गेले. एक वाचला, घानातल्या कार्यालयातला. कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. मला या गोष्टीचा फार धसका बसला आहे. आपली यादी ज्या नेटवर्कवर आहे ते नेटवर्क पडले, तर यादीही त्याच्याबरोबर जाते. महिन्यातून एकदा तिची प्रत बाहेर काढा, कागदावर काढा, तिजोरीत ठेवा. हे जुनाट वाटले तरी चालेल.

निर्लेखनाबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी जुनी यंत्रे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच पोचतील हे पाहायचे आहे. तरी भंगाराच्या पावतीवर अजून ‘जुने संगणक, इतके किलो’ असे लिहिले जाते. आत आलेला नग होता, बाहेर जाताना तो किलो झाला. प्रत्येक डिस्कचा नंबर, ती कशी पुसली वा फोडली आणि कोणासमोर, एवढे लिहिल्याशिवाय फाटकाबाहेर काही जाऊ देऊ नका. त्या डिस्कवर लोकांची खाती असतात, रुग्णांचे अहवाल असतात.

आता ज्यांच्यासाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारले त्यांच्याबद्दल. हे काम करतो कोण? देखभालीचे कंत्राट घेतलेल्या कंपनीकडचा, नुकताच आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा किंवा मुलगी. साहेबाच्या केबिनमध्ये जायला त्यांना परवानगी मिळत नाही, म्हणून नेमके केबिनमधले मशीन यादीतून सुटते. लिपिक म्हणतात, नंतर या. बीला आठ आणि ओला शून्य वाचले जाते, कारण खाली अंधार असतो आणि वर कोणीतरी घाई करत असते. वाहनांच्या चॅसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम टाळतात, वाचणाऱ्या माणसाची अडचण ओळखून. आपल्या परिषदेने या मुलांची अडचण तशी ओळखली पाहिजे.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी मी एक नमुना अर्ज तयार करून आणला आहे. दोन पाने आहेत. पहिल्यावर सातबारा, दुसरे पान पूर्ण फेरफारासाठी. दुसऱ्या पानावरचा शेवटचा रकाना ‘नोंद करणाऱ्याचे नाव व सही’ असा आहे. विभागप्रमुखाची सही त्याच्या खाली येते, त्याच्या जागी नाही. अर्जासोबत विभागप्रमुखाने द्यायचे एक पत्रही आहे, की हे पत्र आणणाऱ्याला त्या दिवशी कार्यालयातील प्रत्येक खोली उघडून द्यावी. दोन्हींच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. त्यातले शब्द खोडा, बदला, आणि चहाच्या सुट्टीनंतर घेऊन या. प्रत्यक्ष टेबलाखाली वाकणाऱ्यांनी आधी बोलावे, अशी माझी सत्राध्यक्षांना विनंती आहे.