सुई आणि कात्री
(जीर्णोद्धारानिमित्त झालेले व्याख्यान)



देवळाचे काम पुरे झाले की पुढचे काम सुरू होते, ते माणसांचे. कुणी वर्गणी दिली नाही, कुणी श्रमदानाला आला नाही, कुणाचा मुलगा वाईट संगतीला लागला. अशा माणसाला वाटेवर कसे आणावे? चार लोकांत बोलून, की आणखी काही रीत आहे? या बाबतीत सुफी सत्पुरुषांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि तिच्या खुणा महाराष्ट्रातच आहेत.

दौलताबादजवळ खुलताबाद येथे अमीर हसन या कवीची कबर आहे. दिल्लीचे संत निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकीतील बोलणे त्याने १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवले. ‘फवाइद-उल-फुआद’ या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात गोष्टी पुष्कळ आहेत. गोष्ट असते दुसऱ्याची. पण ज्याला लागायची त्याला ती लागते, आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

निजामुद्दीनांचे गुरू बाबा फरीद. त्यांना कुणी कात्री भेट दिली, तेव्हा त्यांनी सुई मागितली, अशी आख्यायिका आहे. त्यांचे काम कापण्याचे नव्हते, जोडण्याचे होते. एवढ्याशा मागणीतून साऱ्या बैठकीला शिकवण मिळाली.

पैठणच्या नाथमहाराजांनी (१५३३–१५९९) भारुडांतून हेच साधले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सुफी परंपरेतले, असे मानणारे अभ्यासक आहेत. नाथ कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी फकीर. विंचू चावल्याचे सोंग पाहून लोक पोटभर हसतात. घरी जाताना मात्र ध्यानात येते, की तो काम-क्रोधाचा विंचू आपल्यालाच चावला आहे.

याचा अर्थ दोषाकडे डोळेझाक करावी असा नव्हे. सुईलाही टोक असते. ती टोचते, पण टोचून जोडते. चारचौघांत अपमान झालेला माणूस पुन्हा देवळाची पायरी चढत नाही. त्याचा दोष त्याच्यापाशी तसाच राहतो आणि देवळाचे एक माणूस मात्र कमी होते.

या गावाचे नावच निर्मळ. कार्तिक वद्य एकादशीच्या जत्रेला येणाऱ्या कुणालाही येथे आधी ‘तुझा मळ दाखव’ असे विचारीत नाहीत. मळलेले वस्त्र धुवायचे असते, दगडावर आपटून फाडायचे नसते. दात्यांनी द्रव्य दिले, ग्रामस्थांनी घाम गाळला, म्हणून मंदिर उभे राहिले. आता चुकलेल्याला हाताशी धरून आत आणणारा गोड शब्द प्रत्येकाने द्यावा. ही वर्गणी गरिबालाही परवडते, आणि तिच्यावाचून जीर्णोद्धार अपुराच राहील.