युरोपचा कायदा आणि आपला नट-बोल्ट

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मासिक सभेत आजवर नाट्यसंगीत झालं, संतसाहित्य झालं, मधुमेहावर डॉक्टरांचं भाषण झालं. "व्यापारविषयक कायद्यांतील आंतरराष्ट्रीय घडामोडी" असा विषय फलकावर लागल्यावर किती खुर्च्या भरतील याची सचिवांना काळजी होती. आपण एवढ्या संख्येने आलात, त्याबद्दल आभार.

सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही आणि सी.ए.ही नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस आहे. इथे बोलतो ते माझं स्वतःचं मत, माझ्या खात्याचं नव्हे. विषय मोठा आहे, म्हणून मी एकच कायदा निवडला आहे. तो झाला युरोपात, पण त्याचं टोक आपल्या बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीच्या शेडपर्यंत येऊन पोचलं आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची चूल अशा शेडवर चालते. कोणी मालक आहे, कोणी टर्नर-फिटर, कोणी तिथे हिशेब लिहितो.

या कायद्याचं नाव लांबलचक आहे : कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम. सगळे त्याला 'सीबॅम' म्हणतात. युरोपीय संघाने तो मे २०२३ मध्ये मंजूर केला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा काळ फक्त माहिती देण्याचा होता, पैसे लागत नव्हते. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन अशा सहा गोष्टी सध्या त्यात येतात.

हा कायदा करावासा का वाटला? युरोपात २००५ पासून कारखान्यांना धुराची किंमत मोजावी लागते. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा, तर एक परवाना हवा. त्या परवान्यांचा बाजार आहे, भाव रोज वरखाली होतो. तिथल्या पोलाद कारखानदारांचं म्हणणं असं की, आम्ही ही किंमत द्यायची आणि बाहेरून येणारा माल मात्र तसाच आत येणार, मग आम्ही कारखाना इथे का चालवायचा? आजवर सरकार त्यांना बरेचसे परवाने फुकट देऊन शांत ठेवत होतं. आता ते फुकट परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होणार, आणि त्याच मापाने बाहेरच्या मालावर सीमेवर कार्बनची किंमत लागणार. जकातनाक्यावर पूर्वी मालाचं वजन होत असे. आता तो माल बनवताना झालेल्या धुराचंही वजन होणार, असं समजा.

ही किंमत भरायची कोणी? कायद्याप्रमाणे युरोपातल्या आयातदाराने. २०२६ साली आणलेल्या मालासाठी तो फेब्रुवारी २०२७ पासून प्रमाणपत्रं विकत घेईल आणि ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत हिशेब सादर करेल. हे ऐकून आपल्याकडचे बरेच जण म्हणतात, "मग आपल्याला काय त्याचं? भरेल तो." इथेच गफलत होते. पैसे आयातदार भरणार, पण किती भरायचे ते आपण दिलेल्या आकड्यावर ठरणार. आपण आकडा दिला नाही, तर तो माल दुसरीकडून घेणार, किंवा ते पैसे आपल्या भावातून कापून घेणार.

आता माल कोणता, ते पाहू. नट, बोल्ट, स्क्रू, फ्लँज, पाइप फिटिंग हे सगळं आजच या कायद्यात आहे. व्हॉल्व्ह आणि पंप आज नाहीत. म्हणजे एकाच गल्लीत फ्लँज बनवणारा आत आणि शेजारचा व्हॉल्व्हवाला बाहेर. पण शेजाऱ्याने निर्धास्त राहू नये. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमपासून बनणाऱ्या, यंत्रसामग्रीसारख्या सुमारे १८० प्रकारच्या पक्क्या मालालाही कायदा लावण्याचा प्रस्ताव मांडला आहे. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर असला, तरी त्याचाही असाच कायदा १ जानेवारी २०२७ पासून येतो आहे.

आता जरा वर्कशॉपमधलं गणित करू. बोल्ट बनवताना आपल्या शेडमध्ये धूर किती होतो? हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत जळलेला गॅस सोडला तर फारसा नाही. पोलादाच्या मालाच्या बाबतीत शेडमधल्या विजेचं उत्सर्जन सध्या पैशांच्या हिशेबात धरत नाहीत. खरा बोजा येतो तो पोलादाबरोबर. आपण जो बार किंवा वायर रॉड विकत आणतो, तो बनवताना झालेला धूर त्या बोल्टच्या खात्यावर चढतो. आपल्या पोलाद मंत्रालयाच्या आकड्यानुसार भारतात एक टन पोलादामागे सरासरी २.५४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण ही सरासरी आहे. खनिज आणि कोळसा वापरून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेलं पोलाद आणि भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं पोलाद यांत फार मोठा फरक असतो. हातात घेतले तर दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. फरक दिसतो तो कागदावर.

समजा, आपण वर्षाला १०० टन बोल्ट पाठवतो. एका टनामागे उत्सर्जन अडीच टन. युरोपातल्या चांगल्या कारखान्यांच्या पातळीएवढ्या उत्सर्जनावर आज जवळजवळ पूर्ण सवलत मिळते, ती समजा दीड टन धरली. राहिला एक टन. युरोपातला भाव २०२५ मध्ये साधारण ६० ते ८५ युरोंच्या दरम्यान फिरत होता, आपण ७५ धरू. म्हणजे १०० टनांमागे ७,५०० युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तर साडेसात लाख रुपये. आणि ही सवलत दरवर्षी आटत जाऊन २०३४ मध्ये शून्य होणार आहे, हेही विसरू नका.

हे झालं आकडा दिला तर. नाही दिला तर? मग युरोपने त्या देशासाठी ठरवून ठेवलेला ठोकताळ्याचा आकडा लागतो. त्यावर पुन्हा चढवणी आहे : २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के. समजा हा ठोकताळा ३ टनांचा निघाला. त्यावर १० टक्के, म्हणजे ३.३ टन. सवलत तीच दीड टन धरली तर उरले १.८ टन. रक्कम झाली १३,५०० युरो, म्हणजे साडेतेरा लाख. बोल्ट तेच, भट्टी तीच, धूर तेवढाच. सहा लाखांचा फरक फक्त एका कागदाचा. आजच्या भाषणातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

माझ्या ओळखीच्या एका कारखानदारांकडे त्यांच्या युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून एक्सेलची भली मोठी प्रश्नावली आली होती. गॅस किती जाळला, स्टील कोणत्या गिरणीचं, कोणत्या पद्धतीने केलेलं, असे पानोपानी प्रश्न. ते मला म्हणाले, "भाऊ, माझ्याकडे स्टील येतं डीलरकडून. डीलरला विचारलं तर तो म्हणतो, माल चोख आहे, अजून काय पाहिजे?" ही त्यांच्या एकट्याची अडचण नाही. मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्या शेडमध्ये मालकच सेल्समन, मालकच अकाउंटंट आणि वेळप्रसंगी मालकच लेथवर उभा. उद्या ऑर्डर गेली, तर ती मालाच्या दर्जावरून नाही, कागदावाचून जाईल. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

आणखी एक गैरसमज. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल असेल तर हा कायदा लागत नाही, असं ऐकून काही जण खूश झाले आहेत. २०२५ च्या दुरुस्तीत ही सूट आली हे खरं. पण ते ५० टन आपल्या मालाचे नव्हेत. त्या आयातदाराने वर्षभरात जगातून आणलेला, या कायद्यातला सगळा माल मिळून ५० टन. आपण दहा टनच पाठवत असू, पण तोच गिऱ्हाईक चीनकडून आणि तुर्कस्तानकडून आणखी शंभर टन घेत असेल, तर आपले दहा टनही हिशेबात आले. म्हणून पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचा : "तुम्ही ५० टनांच्या आत आहात का बाहेर?"

आता कोणी विचारेल, हा न्याय झाला का? भारत सरकारने या कायद्याला वेळोवेळी हरकत घेतली आहे, जागतिक व्यापार संघटनेतही विषय मांडला आहे. आपला मुद्दा बिनतोड आहे. गेली दोनशे वर्षं धूर कोणी केला? भारतीय माणसामागचं कार्बन उत्सर्जन आजही युरोपीय माणसाच्या निम्म्याहून कमी आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत जबाबदारी सगळ्यांची, पण प्रत्येकाची वेगवेगळी, असं तत्त्व ठरलं होतं. श्रीमंत देशाने आपल्या दारात उभं राहून गरीब देशाच्या छोट्या कारखानदाराकडून ते वसूल करावं, हे मनाला पटत नाही. उलट, धुराला काहीच किंमत नसली तर तो कमी कोण करणार, हा युरोपचा प्रश्नही खोडून काढता येत नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात भट्टीपाशी उभं राहणाऱ्याला तापमान वाढणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. न्यायाचा वाद दिल्ली आणि ब्रसेल्स घालतील, घालायलाच हवा. पण तो मिटेपर्यंत गिऱ्हाईक थांबणार नाही.

आपल्याकडेही हालचाल आहे. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित केली. मालावर आपल्याच देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरलेली असेल, तर सीबॅममध्ये तेवढी वजावट मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे तो पैसा युरोपच्या तिजोरीत जाण्याऐवजी आपल्याकडे राहू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने 'ग्रीन स्टील'ची व्याख्याही जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित पोलाद, त्यात १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २ मध्ये चार, २ ते २.२ मध्ये तीन. उद्या डीलरकडे भाव विचारताना "किती ताऱ्यांचं?" असं विचारायची सवय लावून घ्यावी लागेल.

मग आपण करायचं काय? माझ्या मते चार साध्या गोष्टी.

पहिली, स्टील घेताना मिल टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर आणि गिरणीचं नाव पाहून घ्या आणि उत्सर्जनाचा आकडा लेखी मागा. एकाने मागितला तर डीलर हसेल. वीस जणांनी मागितला तर तो गिरणीला पत्र लिहील.

दुसरी, कोणत्या हीटचा माल कोणत्या ऑर्डरला गेला याची नोंद ठेवा. नाहीतर चांगल्या पोलादाचा कागद हातात असून उपयोग नाही.

तिसरी, गॅस आणि डिझेलची बिलं महिन्यावार फाइलला लावा. भट्टीला स्वतंत्र मीटर बसवता आला तर उत्तम.

चौथी, एकेकट्याने धावू नका. स्वतःचा खरा आकडा वापरायचा तर त्याची मान्यताप्राप्त पडताळणी करून घ्यावी लागते, आणि तो खर्च एका शेडला जड आहे. दहा-पंधरा जणांनी औद्योगिक असोसिएशनमार्फत मिळून माणूस बोलावला, तर खर्च वाटला जाईल.

इथे बसलेल्या तरुण मुलामुलींनाही सांगतो. ज्याला वर्कशॉपचं काम कळतं, एक्सेल येतं आणि इंग्रजी पत्र नीट वाचता येतं, अशा माणसाची आता गरज पडणार आहे. महाराजा सयाजीरावांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढलं ते हाताच्या कामाला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. आज त्या शास्त्रात हा नवा हिशेब आला आहे. डिप्लोमावाल्यांनी तो शिकून घ्यावा. हे काम फक्त इंजिनिअर आणि सी.ए. लोकांचं, असं समजू नये.

आणि हा कायदा एकटा नाही. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली. त्यानंतर, माल कोणाच्या हातून आणि कोणत्या परिस्थितीत बनला हे विचारणारे कायदे युरोपात आले. फ्रान्सने २०१७ मध्ये केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. पूर्वी गिऱ्हाईक माल पाहत असे. आता तो मालाची कुंडलीही मागतो. कधी धुराची, कधी मजुरांच्या सुरक्षिततेची. नियम पुढे सैल होतील, आवळतील, तारखा मागेपुढे होतील. कुंडली मागायची पद्धत मात्र आता जाणार नाही.

आपण गुजरातेत राहणारी माणसं. दिवाळीत इथे घरोघरी, दुकानोदुकानी चोपडापूजन होतं, आपणही वहीपूजन करतो. या दिवाळीला जी नवी वही पुजाल, तिच्यात जमा आणि खर्चाच्या शेजारी एक तिसरा रकाना आखा : हीट नंबर आणि उत्सर्जन. ज्यांना तो कसा भरायचा हे कळत नसेल, त्यांच्यासाठी दिवाळीनंतरच्या दोन रविवारी मंडळाच्या सभागृहात बसायला मी तयार आहे. फी काही नाही. येताना गॅसची बिलं आणि स्टीलची सर्टिफिकेटं तेवढी घेऊन या.